संगणकाची गृहीते आणि आपले घर
ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांसाठी लिनक्स: प्रस्तावना

मार्च महिन्याच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळे एक तास पुढे जातात. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या पुष्कळ घरांत त्याच दिवशी एक तक्रार सुरू होते: लिनक्स वापरून विंडोज उघडले की घड्याळ तासभर मागे दिसते. हिवाळाभर सगळे सुरळीत चाललेले असते, म्हणून संशय आतल्या बॅटरीवर जातो. कारण निराळेच असते. लॅपटॉप बंद असतानाही चालणारे एक छोटे घड्याळ मदरबोर्डवर असते आणि त्यात कोणती वेळ ठेवायची याबद्दल दोन्ही प्रणालींचे मत वेगळे आहे. विंडोज त्यात स्थानिक वेळ आहे असे धरते. लिनक्स त्यात यूटीसी, म्हणजे व्यवहारात ग्रिनिचची वेळ आहे असे धरते. हिवाळ्यात ब्रिटनची स्थानिक वेळ आणि ग्रिनिचची वेळ एकच, त्यामुळे मतभेद झाकलेला राहतो; उन्हाळी वेळ लागू झाली की उघडा पडतो. हाच लॅपटॉप पुण्यात असता तर पहिल्याच दिवशी साडेपाच तासांचा फरक दिसला असता.

उपाय दोन आहेत. टाइमडेटसीटीएल या कमांडने लिनक्सला एका ओळीत ‘इथे स्थानिक वेळ धर’ असे सांगता येते, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करून त्यालाच यूटीसीची सवय लावता येते. मी दुसरा उपाय सुचवते. यूटीसी कधी सरकत नाही. स्थानिक वेळ वर्षातून दोनदा सरकते आणि ती दोघांपैकी कोणी सरकवायची हा प्रश्न दरवेळी उरतोच.

घड्याळाचे हे उदाहरण आधी सांगितले, कारण या पुस्तकाची सगळी रीत त्यात आली. प्रत्येक सेटिंगमागे कोणाचे तरी एक गृहीत असते. वापरणारा कुठे राहतो, कोणत्या भाषेत लिहितो, कोणत्या मापाच्या कागदावर छापतो, त्याची नजर किती चांगली आहे, हे त्याला न विचारताच कोणीतरी ठरवलेले असते. मुक्त स्रोत प्रणालीत ते गृहीत बहुतेक वेळा वाचता येईल अशा साध्या फाइलमध्ये लिहिलेले असते, ते का ठरले याची चर्चा उघडपणे झालेली असते आणि ते बदलायची मुभा परवान्यातच असते. म्हणून पुढच्या प्रत्येक सूचनेबरोबर मूळ गृहीत काय, ते कुठे लिहिले आहे आणि केलेला बदल मागे कसा घ्यायचा, हे दिले आहे. यातली शेवटची गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानते. परतीची वाट माहीत असली की माणूस धीटपणे शिकतो.

ब्रिटनमधल्या मराठी घरात ही गृहीते जागोजागी चुकतात. हॅरो, स्लाउ किंवा मिल्टन कीन्समधल्या घरात एक लॅपटॉप पुण्याहून आलेला असतो, एक इथल्या दुकानातून घेतलेला, एक ऑफिसने जुना म्हणून देऊन टाकलेला. मुलांचा अभ्यास इंग्रजीत चालतो, मंडळाच्या गणेशोत्सवाची पत्रके मराठीत निघतात, आणि उन्हाळ्यात मुक्कामाला आलेल्या आजोबांना दिवाळी अंकाचा लेख इथूनच टाइप करून पाठवायचा असतो. प्रणाली बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असे घर क्वचितच असते. आपले घर आपणच तिला समजावून सांगावे लागते, आणि ते ऐकून घेणारी प्रणाली म्हणून मी लिनक्सकडे बघते.

हे पुस्तक आत्ता लिहिण्याला निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा-अपडेटची वर्षभराची वाढीव सोय दिली असली तरी ती मुदतवाढच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलच्या प्रोसेसरांची अधिकृत यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते, त्यामुळे २०१७ च्या आधीचे धडधाकट लॅपटॉप दाराबाहेर राहिले. लंडनच्या रीस्टार्ट प्रोजेक्टसारख्या संस्था बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करण्याचे मेळावे भरवतात. कपाटात पडलेला लॅपटॉप कचऱ्यात टाकण्याआधी अशा ठिकाणी एकदा दाखवावा.

अशा लॅपटॉपला पुन्हा चालते करण्यात सर्वांत मोठा वाटा कुठल्याही सेटिंगचा नसतो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा आणि जमत असेल तर चार जीबी रॅमची आठ करा. त्यानंतर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा झुबुंटू यांसारखे हलके रूप निवडा. इंटरनेटवर स्वॅपिनेसचा आकडा बदलण्यासारख्या वेगवर्धक युक्त्यांच्या लांबलचक याद्या सापडतात. त्यांना मी या पुस्तकात जवळजवळ जागा दिलेली नाही. घरगुती यंत्रावर मेमरी खातो तो ब्राउझर, आणि उघड्या टॅबची संख्या कमी करण्याइतका परिणाम त्या यादीतल्या कशानेही होत नाही.

ब्रिटनमध्ये बसून लिनक्सविषयी लिहिताना या देशाचा त्यातला वाटा सांगितलाच पाहिजे. लिनस टोरवाल्ड्स यांनी फिनलंडमध्ये १९९१ साली लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, जाहीर केला, पण तो स्वतःच्या यंत्रावर उभा करणे हे तेव्हा जाणकाराचे काम होते. फेब्रुवारी १९९२ मध्ये मँचेस्टर कम्प्युटिंग सेंटरच्या ओवेन ले ब्लाँ यांनी एमसीसी इंटेरिम लिनक्स या नावाने फ्लॉपींचा एक संच सिद्ध केला, जो इतरांना तुलनेने सहज बसवता येई. आज आपण ज्याला डिस्ट्रो म्हणतो त्याच्या अगदी पहिल्या रूपांपैकी हे एक. वेल्समधल्या स्वॉन्सी इथून ॲलन कॉक्स यांनी कर्नलच्या नेटवर्किंगच्या भागावर आणि पुढे २.२ मालिकेच्या देखभालीवर वर्षानुवर्षे काम केले. केंट विद्यापीठातून चालणाऱ्या मिरर सर्व्हिसने हजारो पॅकेजेसच्या प्रती या देशात जवळ उपलब्ध ठेवल्या. आणि मार्क शटलवर्थ यांच्या लंडनस्थित कॅनॉनिकल कंपनीने २० ऑक्टोबर २००४ रोजी उबुंटूची पहिली आवृत्ती, ४.१०, प्रसिद्ध केली. २०११ पर्यंत ही कंपनी मागेल त्याला सीडी टपालाने फुकट पाठवत असे. इंटरनेटचा वेग कमी असलेल्या त्या काळात भारतातल्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या हाती लिनक्स प्रथम आले ते त्या पाकिटातून.

केंब्रिजची परंपरा यापेक्षा जुनी आहे. बीबीसीच्या संगणक-साक्षरता प्रकल्पासाठी तिथल्या एकॉर्न कंपनीने १९८१ साली बीबीसी मायक्रो आणला. तो सुरू केला की समोर थेट बेसिक भाषेचा प्रॉम्प्ट येई. यंत्र वापरणे आणि यंत्राला सांगणे यांत भिंत नव्हती. त्याच गावात पुढे इबेन अप्टन आणि सहकाऱ्यांनी रास्पबेरी पाय घडवला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला, आणि त्याच वर्षापासून वेल्समधल्या पेंकोईडच्या सोनी कारखान्यात त्याचे उत्पादन होऊ लागले. डेबियनवर आधारलेली त्याची प्रणाली एका छोट्या एसडी कार्डावर मावते. मुलांच्या हाती लिनक्स द्यायचे असेल तर मी पहिल्यांदा हाच मार्ग सांगते. दोन कार्डे घ्यावीत. एकावर मुलीने मनसोक्त उलथापालथ करावी, दुसरे जसेच्या तसे ठेवून द्यावे. पहिले बिघडले तर दुसरे घालून यंत्र मिनिटभरात चालू होते, आणि घरातले कोणी ओरडत नाही. मोडण्याची भीती नसली की मुले सेटिंगच्या फाइली स्वतःहून उघडून बघतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आता कीबोर्डकडे येऊ. या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण त्याचेच आहे, आणि ते जाणीवपूर्वक लांबवले आहे, कारण दिवसभर आपली बोटे तिथेच असतात.

ब्रिटिश कीबोर्डवर शिफ्ट आणि ३ दाबले की पौंडाचे चिन्ह येते, शिफ्ट आणि २ दाबले की दुहेरी अवतरणचिन्ह. भारतातून आणलेल्या लॅपटॉपवर अमेरिकी धाटणीचा कीबोर्ड असतो. तिथे शिफ्ट आणि २ वर ईमेलमधले ॲट असते. लिनक्स बसवताना देश ब्रिटन निवडला की लेआउटही बहुधा ब्रिटिश सुचवला जातो. पुण्याच्या लॅपटॉपवर तो तसाच स्वीकारला तर अक्षरे जागच्या जागी राहतात, पण चिन्हे इकडची तिकडे होतात आणि उलटी तिरकी रेघ आणि उभी रेघ छापलेल्या जागेवरून नाहीशाच होतात. ब्रिटिश कीबोर्डवर डाव्या शिफ्टशेजारी एक जास्तीची की असते, त्या दोन्ही रेघा तिथे राहतात, आणि अमेरिकी धाटणीच्या कीबोर्डला ती कीच नसते. टर्मिनलमध्ये एका कमांडचा निकाल दुसरीकडे पाठवायला उभी रेघ पदोपदी लागते. तेव्हा लेआउट निवडताना आपण कोणत्या देशात आहोत हे बघू नये; समोरच्या कीवर काय छापले आहे ते बघावे.

भारतातून आणलेल्या लॅपटॉपसाठी ‘इंग्लिश, भारत, रुपयासह’ हा लेआउट सोयीचा. उजवीकडचे ऑल्ट धरून ४ दाबले की रुपयाचे चिन्ह उमटते. पौंडासाठी कंपोज कीची सोय करून घ्यावी. ग्नोम या डेस्कटॉपवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये एखादी न वापरली जाणारी की, समजा कॅप्स लॉक किंवा उजवे कंट्रोल, कंपोज म्हणून नेमता येते. मग कंपोज दाबून सोडावे, मोठा एल आणि नंतर आडवी रेघ दाबावी, की पौंड. इकडच्या पगाराचा आणि तिकडच्या घरखर्चाचा हिशेब एकाच तक्त्यात मांडणाऱ्याला ही दोन्ही चिन्हे हाताशी हवीत.

याला जोडूनच एक इशारा देते. डिस्क एन्क्रिप्ट करताना जो पासफ्रेज देतो, तो यंत्र सुरू होण्याच्या फार आधीच्या टप्प्यावर विचारला जातो. त्या वेळी आपण निवडलेला लेआउट लागू झालेला असेलच असे नाही. काही वेळा अमेरिकी लेआउटच चालू असतो. पासफ्रेजमध्ये पौंडाचे चिन्ह, ॲट, हॅश किंवा अवतरणचिन्ह असेल तर अचूक टाइप करूनही कुलूप उघडत नाही. म्हणून डिस्कच्या पासफ्रेजमध्ये फक्त अक्षरे आणि आकडे वापरा आणि तो लांब ठेवा. लांबीने मिळणारी सुरक्षितता चिन्हांनी मिळणाऱ्या सुरक्षिततेपेक्षा कमी नसते.

भाषेचे सेटिंग आणि प्रांताचे सेटिंग वेगवेगळे असते, हेही फार जण लक्षात घेत नाहीत. घाईघाईत अमेरिकी इंग्रजी तशीच ठेवली की तारखेत महिना आधी येतो आणि प्रिंटर लेटर मापाचा कागद मागत बसतो, जो इथल्या दुकानात सहसा मिळतही नाही. मेन्यूची भाषा कोणतीही असो, फॉरमॅट ब्रिटनचे निवडले की कागद ए४ आणि आठवड्याची सुरुवात सोमवारी. ग्नोमच्या क्लॉक्स ॲपमध्ये मुंबई जोडली की वरच्या पट्टीवरच्या तारखेवर क्लिक करताच तिथली वेळही दिसते. सासरी-माहेरी फोन करण्याआधी एवढे पुरते.

मराठी टाइप करण्यासाठी लिनक्समध्ये पर्यायांची कमतरता नाही. टंकनाची शिस्तशीर सवय असलेल्यांसाठी इनस्क्रिप्ट तयारच असतो. आयबस-एम१७एन हे पॅकेज बसवून एकदा लॉगआउट केले की इनपुटच्या यादीत मराठीचे आणखी अनेक पर्याय येतात. त्यांत आयट्रान्स आहे, फोनेटिक आहे, जुन्या टाइपरायटरवाल्यांसाठी रेमिंग्टन आहे आणि गमभनही आहे. मराठी संकेतस्थळांवर लिहून ज्यांचा हात गमभनवर बसला आहे त्यांना तीच रीत सगळ्या प्रणालीत मिळते, हे कळल्यावर लोकांचा चेहरा खुलतो. सुपर आणि स्पेस दाबले की भाषा बदलते. प्रत्येक खिडकीची भाषा स्वतंत्र ठेवण्याचाही पर्याय आहे, आणि तो जरूर चालू करावा: ऑफिसची ईमेल इंग्रजीत राहते, लेखाची खिडकी मराठीत, आणि अदलाबदल करताना बोटे चुकत नाहीत.

इनस्क्रिप्ट शिकायला दोन आठवडे जीव लावावा लागतो, पण सतत मराठी लिहिणाऱ्याला मी तोच सुचवते. तो यंत्रागणिक बदलत नाही, इंग्रजी स्पेलिंगच्या वाटेने जावे लागत नाही, आणि मराठीचे बारकावे त्यात सरळ मिळतात. ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला रकार घ्या. साधा र घेऊन त्याला य जोडला तर रफार होतो आणि शब्द बिघडतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबले की नुक्ता असलेला ऱ येतो; त्याला हलन्त देऊन य जोडला की हवा तो रकार उमटतो. इतक्या साध्या गोष्टीसाठी माणसे ‘दर्या’ लिहून वेळ मारून नेतात, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो.

अक्षरवळणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीतल्या वळणांपेक्षा वेगळे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये हीच वळणे वापरण्याचा आदेशही काढला. युनिकोडमध्ये मात्र ल एकच आहे. त्याचे वळण फाँटने भाषा पाहून ठरवायचे असते. लोहित किंवा नोटो यांसारख्या फाँटमध्ये मराठी वळण दडलेले असते, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे कोणी सांगितले तरच ते बाहेर येते. लिब्रेऑफिसमध्ये तोच परिच्छेद निवडून भाषा हिंदीची मराठी केली की लांबरुंद लेखातला प्रत्येक ल डोळ्यांदेखत बदलतो. पुण्यातल्या रेड हॅटच्या अभियंत्यांनी लोहितची वर्षानुवर्षे निगा राखली, मुंबईच्या एक टाइपने मुक्ता दिला, आयआयटी मुंबईने शोभिका दिला. हे सगळे फाँट मुक्त परवान्याखाली आहेत. फाइल आपल्या होम फोल्डरमधल्या फाँटच्या जागी ठेवली की ॲडमिन पासवर्डशिवाय बसते.

लिब्रेऑफिसमधली आणखी एक अडचण मराठी लेखकाला हमखास गाठते. देवनागरीचा फाँट आणि आकार तिथे इंग्रजीपासून वेगळा नोंदलेला असतो. भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथली मूळ भाषा मराठी केली नसेल, तर स्टाइलमध्ये आकार बदलूनही मराठी अक्षरे जागची हलत नाहीत आणि शुद्धलेखनाची तपासणी भलत्याच भाषेत होते. एवढे एक सेटिंग आधी करावे, मग शब्दकोश बसवावा. ब्रिटिश सरकारने जुलै २०१४ मध्ये दस्तऐवजांच्या देवाणघेवाणीसाठी ओडीएफ हा खुला प्रकार ठरवला, त्यामुळे इथली सरकारी कागदपत्रे लिब्रेऑफिसमध्ये उघडताना सहसा त्रास होत नाही.

जुने मराठी दस्तऐवज हे मात्र कष्टाचे काम आहे. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये केलेली लग्नपत्रिका, वडिलांचे आत्मचरित्र, मंडळाचे जुने अहवाल उघडले की रोमन अक्षरांची रास दिसते. या फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणता येतो, पण मूळ प्रत जपून ठेवा आणि ऱ्हस्व वेलांटी व रफार डोळ्यांत तेल घालून तपासा, कारण जुन्या फाँटांत त्यांचा क्रम उलटा असतो. असे दस्तऐवज ज्यांच्या घरी आहेत त्यांनी हे काम लांबणीवर टाकू नये, एवढे मी कळकळीने सांगते. ज्या यंत्रावर ते फाँट आहेत ती यंत्रे एकेक करून बंद पडत आहेत.

दिसण्यातले बदल, म्हणजे रंग, पट्ट्या, आयकॉन, यांवर मी थोडक्यात लिहिले आहे. उबुंटूने ११.०४ मध्ये ग्नोमऐवजी युनिटी ही मांडणी आणली आणि १७.१० मध्ये पुन्हा ग्नोम स्वीकारले. मधल्या काळात जुनी मांडणी हवी असणाऱ्यांनी माते नावाने ती जिवंत ठेवली, आणि इंग्लंडच्या मार्टिन विंप्रेस यांनी सहकाऱ्यांसह उबुंटू-माते उभे केले. आवडीची मांडणी टिकवायला लोक केवढे काम करतात ते यातून दिसते. नव्याने येणाऱ्याने मात्र ग्नोमवर एक्स्टेन्शनांचा ढीग घालू नये. ग्नोम दर सहा महिन्यांनी नवे होते आणि प्रत्येक वेळी काही एक्स्टेन्शने थांबतात. दहा एक्स्टेन्शने लावून ग्नोमला विंडोजसारखे करण्यापेक्षा मुळातच तशी मांडणी असलेले मिंटचे सिनॅमन घ्यावे.

आता परतीच्या वाटेविषयी. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीच असते, उबुंटूत बसवून घ्यावे. ते प्रणालीची प्रत राखते. आपल्या होममधले फोटो आणि लेख त्यात मुळात धरलेले नसतात, त्यांची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर हवी. हा फरक न कळल्यामुळे लोकांचे सर्वाधिक नुकसान होते. दुसरे, एका वेळी एकच बदल करावा आणि वहीत तारखेसह लिहावा. तिसरे, आपल्यापुरते बदल होममधल्या बिंदूने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींत असतात, सगळ्या यंत्राचे ईटीसी फोल्डरमध्ये. काही बिघडले तर नवे तात्पुरते खाते उघडून तिथे तीच गोष्ट करून पाहावी. नव्या खात्यात ती नीट चालली तर दोष आपल्या सेटिंगमध्ये आहे, आणि प्रणाली पुन्हा बसवण्याची काही गरज नाही. माझ्या मते ही एक चाचणी अर्धे रडगाणे संपवते. आणि अपडेटनंतर यंत्र उठलेच नाही तर सुरुवातीच्या यादीतल्या ॲडव्हान्स्ड पर्यायात मागचा कर्नल तसाच असतो. तो निवडून आत जावे आणि मग शांतपणे बघावे.

सुडोने सुरू होणारी, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालणारी, कोणतीही ओळ तिचा अर्थ कळल्याशिवाय चिकटवू नये. ‘मॅन’ ही कमांड प्रत्येक कमांडची माहिती तिथल्या तिथे देते. बाहेरचा पीपीए, म्हणजे कोणाचे तरी खाजगी सॉफ्टवेअर-भांडार, जोडणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती यंत्राच्या किल्ल्या देणे. जे सॉफ्टवेअर डिस्ट्रोच्या भांडारात किंवा फ्लॅटहबवर मिळते ते तिथूनच घ्यावे.

लिनक्स कोणी घेऊ नये, हेही स्पष्ट सांगते. अडोबीचे सॉफ्टवेअर किंवा एक्सेलचे गुंतागुंतीचे मॅक्रो ज्यांच्या पोटापाण्याशी बांधलेले आहेत, ऑफिसचे व्हीपीएन ज्यांना फक्त विंडोजवरच मिळते, परीक्षेचे देखरेखीचे सॉफ्टवेअर ज्यांना सक्तीचे आहे, त्यांनी विंडोज ठेवावे आणि जमल्यास दुसऱ्या यंत्रावर लिनक्स शिकावे. काही लॅपटॉपचे फिंगरप्रिंट रीडर चालत नाहीत. हे सगळे बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून चालू करून तपासता येते: वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटल्यावर झोपणे आणि परत जागे होणे.

नाशिकला किंवा सांगलीला एकट्या राहणाऱ्या आई-बाबांचा लॅपटॉप इथून सांभाळणारे बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी वेगळे प्रकरण लिहिले आहे. तिथे दीर्घ आधाराचीच आवृत्ती घ्यावी. उबुंटूच्या अशा आवृत्तीला पाच वर्षे अपडेट मिळतात, आणि उबुंटू प्रोमध्ये वैयक्तिक वापराची पाच यंत्रे फुकट नोंदवून ही मुदत दहा वर्षांपर्यंत नेता येते. सुरक्षा-अपडेट आपोआप होऊ द्यावेत. अक्षरांचा आकार मोठा करावा, आणि एकदा त्यांची सवय झाली की पट्टीवरचा एकही आयकॉन हलवू नये. बाबांना रोज सकाळी वर्तमानपत्र जिथे सापडते तिथेच सापडले पाहिजे. दूरवरून मदतीसाठी रस्टडेस्कसारखे साधन आधी बसवून, त्यांच्यासमोर बसून एकदा चालवून दाखवावे. अडचण आल्यावर फोनवर ते समजावणे फार जड जाते.

ग्नोमचे किंवा मिंटचे मराठी मेन्यू वापरताना काही ओळी इंग्रजीत राहिलेल्या दिसतील, काही भाषांतरे बोजड वाटतील. ती कामे स्वयंसेवकांची आहेत आणि मराठी गट लहान आहे. ग्नोमचे भाषांतर त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर चालते, उबुंटू आणि मिंटचे लाँचपॅडवर. तिथे खाते उघडून संध्याकाळी दहा ओळी दुरुस्त करायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही, चांगले मराठी यावे लागते. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाला १९३२ पासूनचा वारसा आहे, गावोगावी नवी मंडळे आहेत, शनिवार-रविवारच्या मराठी शाळा आहेत. या कामासाठी लागणारी माणसे तिथे आहेत. सेव्ह, अनडू, पेस्ट यांना मराठीत काय म्हणायचे हे आपण ठरवले नाही तर मराठी न वापरणारा कोणीतरी ठरवील.

पहिले प्रकरण पेनड्राइव्ह तयार करण्याचे आहे. ती किमान ८ जीबीची, शक्यतो १६ ची घ्यावी, आणि तिच्यावरचे फोटो आधी काढून घ्यावेत, कारण ती पूर्ण पुसली जाते. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवणार असाल तर त्याआधी फास्ट स्टार्टअप बंद करा आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क-एन्क्रिप्शन, चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.